मोकळी जागा मोकळी राहत नाही

सध्या भेटेल त्याला मी जेफ्री राइझमनचा प्रयोग सांगत सुटलेय! 1969 साल, ऑक्सफर्ड, आणि प्रौढ उंदराचा मेंदू. प्रौढ मेंदूतल्या वाटा कायमच्या ठरलेल्या, तिथे नवे काही उगवत नाही, असे खुद्द नोबेलविजेत्या काहालने लिहून ठेवले होते, आणि त्याच्या शब्दाला अजून मोठे वजन होते.

राइझमनने मेंदूच्या खोल भागातला सेप्टम निवडला. तिथल्या चेतापेशींकडे तंतूंचे दोन जुडगे येतात. हिप्पोकॅम्पसकडून येणाऱ्यांची टोके पेशीच्या फांद्यांवरच टेकतात. हायपोथॅलॅमसच्या बाजूने येणाऱ्यांची फांद्यांवर आणि पेशीच्या अंगावरही. त्याने हा दुसरा जुडगा कापला आणि काही आठवडे जाऊ दिले. मेलेली टोके साफ झाली. म्हणजे पेशीच्या अंगावरच्या त्या जागा आता ओस पडायला हव्यात ना?

पण नाही, तिथे कोणीतरी होते!

कोण, हे ओळखायचे कसे? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही टोके सारखीच दिसतात. इथे त्याने जे केले ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. त्याने आता हिप्पोकॅम्पसचाही जुडगा कापला आणि एकदोन दिवसांतच मेंदू तपासला. मरणारे टोक काळवंडते, त्यामुळे ते नेमके कुठे बसले होते ते उघड दिसते. आणि काळी टोके पेशीच्या अंगावर होती! धडधाकट उंदरात हिप्पोकॅम्पसचे तंतू जिथे फिरकत नाहीत, तिथेच. शेजाऱ्यांनी मोकळ्या जागा घेतल्या होत्या. उलटा प्रयोगही त्याने केला: आधी हिप्पोकॅम्पसचा जुडगा कापला, तर उरलेल्यांतली कितीतरी टोके एकाच वेळी दोन-दोन सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्या, सांभाळताना दिसली.

याला दुरुस्ती म्हणायला मी धजणार नाही. कापलेला तंतू परतला नव्हता, त्याच्या जागी भलताच येऊन बसला होता, आणि त्याने उंदराचे भले झाले की नाही हा प्रश्न उरतोच. पण प्रौढ चेतापेशीत नवी जोडणी होते, हे तिथे डोळ्यांना दिसले!

मूळ तंतूच मूळ जागी कसा पोचवायचा, याच्यामागे राइझमन पुढे आयुष्यभर लागला. उत्तर त्याने नाकात शोधले. वासाच्या चेतापेशी जन्मभर नव्याने तयार होतात आणि त्यांचे तंतू मेंदूत शिरतात. त्या तंतूंना वाट करून देणाऱ्या सोबतीच्या पेशी घेऊन त्याने उंदरांच्या तुटलेल्या मज्जारज्जूत सोडल्या. आता त्या कामाबद्दल मिळेल ते वाचत सुटलेय!