पहिला रोडगा

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात खापरखेडा हे गाव वसलेले आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दुरूनच दृष्टीस पडतात. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक, असे पाच संच तेथे उभारण्यात आले. दगडी कोळसा पिठासारखा बारीक दळून भट्टीत जाळावयाचा, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची आणि वाफेच्या जोराने चक्र फिरवून वीज निर्माण करावयाची, असे तेथील काम. गावातील एका गृहस्थाचे अर्धे आयुष्य या भट्ट्यांवर देखरेख करण्यात गेले होते. अग्नीची आपल्याला पुरती ओळख आहे, असे त्याला वाटे. परंतु टोपलीभर गोवऱ्यांच्या विस्तवाने एके दिवशी त्याचा हा समज दूर केला.

विदर्भात रोडग्यांचे जेवण म्हणजे मोठा आनंदाचा प्रसंग. कधी मारुतीला नैवेद्य म्हणून, तर कधी थंडीत शेतावर पंगत बसवून लोक रोडगे करतात. या गृहस्थाच्या घरी रोडगे करावेत ते त्याच्या म्हाताऱ्या आईनेच. पण यंदा संधिवाताने तिची बोटे वळेनाशी झाली होती. अंगणातील गोवऱ्यांच्या ढिगाकडे पाहून ती नुसतीच गप्प बसली. ते पाहून मुलगा म्हणाला, "यंदा रोडगे मी करतो." चहापलीकडे त्याने कधी काही केले नव्हते!

आई बाजेवर बसून सांगू लागली. जाडसर कणकेत मीठ आणि तेलाचे मोहन घातले. ओवा तळहातावर चोळून टाकला, तोच त्याचा उग्र सुवास दरवळला. हा सुवास थायमॉल नावाच्या द्रव्याचा. युरोपातील लोक पावात थाइम नावाच्या वनस्पतीची पाने घालतात. तिच्यातही हेच द्रव्य असते. येथवर सारे ठीक झाले; पण पुढे पाणी जास्त पडले आणि कणीक बोटांना चिकटून बसली. पुन्हा पीठ घालून ती कशीबशी घट्ट केली. लहान पोळ्यांना तेल लावून, एकीत दुसरी गुंडाळून त्याने गोळे वळले आणि धडधडत्या जाळात टाकले. थोड्याच वेळात ते कोळशासारखे काळे पडले. एक फोडून पाहिला, तर आत कच्ची कणीक!

"काहून घाई करतो, बाबू?" आई हसून म्हणाली. "रोडगा जाळावर भाजत नाही. आर पडू दे."

जाळाने बाहेरचा भाग झपाट्याने करपतो. उष्णता मात्र आतपर्यंत सावकाश पोहोचते. निखाऱ्यावर राख पसरली की आच मंद आणि एकसारखी राहते. मग आतल्या पाण्याची वाफ होते, तेलाने वेगळे राखलेले पदर सुटू लागतात आणि गोळा गाभ्यापर्यंत शिजतो. यासाठी यंत्र लागत नाही. लागतो तो धीर आणि जाणती नजर. ती नजर आईने कित्येक हिवाळे धुरात बसून मिळविली होती. मुलाला हे त्या दिवशी प्रथमच उमगले.

दुसऱ्या खेपेस तो ज्वाळा शमेपर्यंत थांबला. गोळे आरावर ठेवून त्याने वर गरम राख लोटली आणि मधूनमधून ते फिरविले. डोळ्यांतून पाणी येत होते, बोटे भाजली होती. पण तो उठला नाही. अखेर राख फडक्याने पुसून त्याने पहिला रोडगा फोडला. वाफेबरोबर ओव्याचा वास अंगणभर पसरला.

आजवर आईने पहिला रोडगा नेहमी दुसऱ्याच्या ताटात वाढला होता. सर्वांची जेवणे आटोपत, तेव्हा तिच्या वाट्याला निवालेला रोडगा येई. आज मुलाने तो गरम रोडगा तिच्याच ताटात कुस्करला, वर तुपाची धार धरली आणि शेजारी वांग्याची भाजी वाढली. तिने पहिला घास सावकाश चावला. सारे घर तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"ओवा जरा जास्त झाला," ती म्हणाली. आणि ताट पुढे सरकवून आणखी अर्धा रोडगा मागितला.