पद्मावतीच्या वाटेने : बार्शी ते दासगाव

आमच्या बार्शीत समुद्र नाही. नदीही सांगण्यासारखी नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीतली माणसे बोटीच्या प्रवासाचा बेत आखतात म्हटल्यावर हसू येणारच. विहारातल्या बैठकीत आम्ही विषय काढला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आवं, मोटारीनं सरळ महाडला जायाचं सोडून पाण्यातनं कशापायी?"

प्रश्न रास्त होता. भाड्याची गाडी केली तर पुण्यावरून घाट उतरून एका दिवसात महाड गाठता येते आणि पैसेही कमी लागतात. पण २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले होते. बरोबर दोनशेच्या वर प्रतिनिधी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दासगाव बंदरात उतरले, तेव्हा हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. तिथून सुमारे पाच मैल चालत सारे महाडला गेले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आपली माणसे समुद्राच्या पाण्यावरून गेली, ही गोष्ट मुलांना पुस्तकात वाचून नाही, खारा वारा लागल्यावर कळेल, असे आम्हाला वाटते. त्याच्या तीन वर्षे आधी, मे १९२४ मध्ये, बाबासाहेब आमच्या बार्शीच्या परिषदेत बोलले होते. म्हणजे या वाटेचे एक टोक आमच्याही दारात आहे.

मुंबईहून दासगावला जाणारी प्रवासी बोट आता नाही. म्हणून तुकड्यातुकड्याने बेत जुळवला. २३ डिसेंबरच्या रात्री लातूर-मुंबई गाडी. सकाळी मुंबईत उतरून भाऊचा धक्का आणि तिथून रो-रो बोटीने मांडवा. हे पाणी तासाभराचे. पुढे अलिबागहून भाड्याची गाडी करून रेवदंडा, मुरूड, आगरदांडा. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडीसकट चढायचे आणि खाडी ओलांडून दिघीला उतरायचे. मुक्काम हरिहरेश्वरला. नाताळच्या सुट्टीत तिकडच्या खोल्यांचे भाडे दुप्पट होते, म्हणून खोल्या आधीच ठरवायला हव्यात. आमच्यासारख्या कारकुनाच्या हिशेबात हाच आकडा सर्वात जास्त टोचतो.

२५ तारखेला हरिहरेश्वरहून म्हसळ्यावरून सरळ दासगावला गेले तर लवकर पोचता येते. पण आम्ही बागमांडल्याला सावित्रीच्या मुखाशी पुन्हा फेरीबोट धरणार आणि पलीकडे वेश्वीला उतरणार. कारण तो मंडणगड तालुका, आणि त्याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. तिथे वंदन करून मग दासगाव, आणि शेवटी महाड. दासगावहून महाडपर्यंत चालायचे की नाही यावर अजून वाद आहे. तरुण पोरे चालणार म्हणतात, गुडघे दुखणाऱ्यांसाठी गाडी मागून येईल.

भीतीचे बोलणेही झाले. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि त्यातही माणसे दगावली. हे आम्ही बैठकीत लपवले नाही. पावसाळा संपून डिसेंबरात समुद्र बराच शांत असतो, तरीही प्रत्येकाने, मोठ्यांनीसुद्धा, लाईफ जॅकेट अंगात घालायचे असे ठरले. ते कमी पडत असतील तर बोट सोडून द्यायची आणि पुढची धरायची. घाई करायची नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी भरल्या पोटी चढू नये. सोबत लिंबू, आवळा सुपारी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या असाव्यात.

खरी अडचण पैशाची. डाळ मिलमध्ये कामाला जाणाऱ्या एका मावशींची तीन दिवसांची मजुरी बुडते. त्या म्हणाल्या, "माझं राहू द्या, पोरीला न्या." पोरगी नववीत आहे, तिने समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. दोघींनाही न्यायचे असे आम्ही ठरवले आणि दर पौर्णिमेला विहारात डबा ठेवला. पहिल्या पौर्णिमेच्या डब्यात दहाच्या नोटा जास्त होत्या. बोट नको म्हणणाऱ्या आजींनी त्यात पन्नासची नोट टाकली आणि विचारले, "खिडकीकडची जागा मिळंल का?" बोटीला खिडकी असते का, ते आम्ही चौकशी करून सांगू म्हणालो. आतापर्यंत चौदा नावे आली आहेत. चार जागा शिल्लक आहेत.