ऋण की अपराध?

आमच्या घरात प्रभूची प्रार्थना दोन पाठांत म्हटली जाते. आम्हां दोघांपैकी एक वसईच्या कॅथलिक घरातला, दुसरी अहिल्यानगरच्या प्रॉटेस्टंट घरातली. क्षमेच्या वाक्याशी आलो की एका मुखातून 'अपराध' हा शब्द येतो, दुसऱ्या मुखातून 'ऋण'. दोघेही मराठीचे अध्यापक. त्यामुळे या पाठभेदावर आम्ही वर्षानुवर्षे सुखाने वाद घातला. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'देणे' असाच आहे, लूकच्या अकराव्या अध्यायात मात्र त्या जागी 'पापे' आहेत, हे पुरावे दोघांनाही तोंडपाठ होते. वादाचा निकाल मात्र गेल्या मे महिन्यात, वसईच्या वाडीत, एका सात वर्षांच्या मुलाने लावला.

हा मुलगा थोरल्या बहिणीचा नातू. पन्नाशीच्या आतच त्याने आम्हांला आजी-आजोबा करून टाकले आहे. दिवसभर त्याचा मुक्काम फणसाखाली, गोट्यांच्या खेळात. शेजारचा त्याचा सवंगडी हरत गेला आणि त्याच्यावर अकरा गोट्यांचे देणे झाले. विहिरीच्या कठड्यावर कोळशाने अकरा रेघा ओढल्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सवंगडी खेळायला येईनासा झाला. कुंपणापलीकडून पाहायचा, आणि इकडून कोणी पाहिले की आत पळायचा.

तिसऱ्या दिवशी नातवाने पोहऱ्यातले पाणी ओंजळीत घेतले आणि त्या रेघा पुसून टाकल्या. आम्ही विचारले, "अरे, तुझ्या गोट्या बुडाल्या की!"

"हो, अकरा," तो म्हणाला. "पण रेघा होत्या म्हणून तो येत नव्हता."

मग त्याने आपल्या पिशवीतल्या सहा गोट्या मोजून वेगळ्या काढल्या. सवंगड्याकडे खेळायला एकही उरली नव्हती.

क्षमेवर आम्ही वर्गात पुष्कळ बोललो आहोत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखलाही अनेकदा सांगितला आहे. राजाने त्या चाकराचे दहा हजार तालांत सोडले, आणि त्याने मात्र सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सुटलेले देणे मागितलेल्या देण्याच्या सहा लाख पट भरते. हा आकडा ऐकून विद्यार्थी हसत, आम्हीही हसत असू. तो चाकर कोण, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

आमच्याही घरात एक कठडा आहे. 2017 साली आमच्यातल्या एकीच्या धाकट्या भावाने दुकानासाठी दोन लाख रुपये नेले. दुकान चालले नाही. प्रथम त्याचे फोन थांबले, मग नाताळचे येणे थांबले. त्याला लाज नाही, असे आम्ही म्हणत राहिलो. खरे तर लाज होती म्हणूनच तो येत नव्हता. रेघा आमच्या वहीत होत्या. पुसायच्या तर त्या आम्हीच पुसू शकत होतो.

'अपराध' म्हटले की क्षमा मनातल्या मनात उरकता येते. 'ऋण' म्हटले की तिची किंमत कुणीतरी भरावी लागते, आणि ती क्षमा करणाराच भरतो. नातवाला अकरा हा आकडा पक्का आठवत होता. विसरणे म्हणजे क्षमा नव्हे, हेही त्याच्याकडूनच कळले. क्रुसाचा अर्थ आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो होतो. तो विहिरीच्या ओल्या कठड्यावर दिसला.

त्या रात्री आम्ही अहिल्यानगरला फोन लावला. पलीकडून 'हॅलो'च्या आधी शब्द आले, "ताई, दिवाळीनंतर थोडे थोडे देतो."

सात वर्षांहून अधिक काळ त्याने हेच वाक्य तयार ठेवले असावे. आम्हां दोघांनाही काही क्षण बोलता आले नाही. मग आम्ही म्हणालो, "पैशांसाठी फोन केला नाही रे. ते देणे संपले. वाडीत फणस पिकलेत, मुलांना घेऊन ये."

तो आला का? अजून नाही. नातवाचा सवंगडीसुद्धा रेघा पुसल्यावर लगेच आला नव्हता. कुंपणाशी बराच वेळ घुटमळला होता. आम्ही सहा गोट्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.

प्रार्थनेत मात्र आता आम्ही दोघेही 'ऋण' म्हणतो.