पोलिओचे दोन थेंब आणि कायद्याची मोजपट्टी

‘डॉक्टरांच्या हलगर्जीपणावर लिहा, पण कलमे नकोत,’ ही संपादकांची अट. कलमे टाळतो; खटले टाळता येतील असे वाटत नाही. रुग्ण दगावला की डॉक्टर दोषी, ही समजूत आपल्याकडे पक्की. डॉक्टरांना कायदा हात लावू शकत नाही, हीसुद्धा तितकीच पक्की. दोन्ही चूक. कायदा तज्ज्ञाकडे मागतो ते त्या पेशातल्या सर्वसाधारण जाणकाराइतके कौशल्य, अव्वल माणसाइतके नव्हे. 1957च्या बोलॅम या इंग्लिश खटल्यात उपचार म्हणून विजेचा झटका देताना स्नायू सैल करणारे औषध दिले नव्हते आणि रुग्णाची हाडे मोडली. ते औषध द्यावे की नाही यावर डॉक्टरांतच दोन मते होती, दोन्हींमागे जबाबदार मंडळी होती. म्हणून हॉस्पिटल सुटले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जेकब मॅथ्यू प्रकरणात हीच कसोटी मान्य केली. म्हणजे डॉक्टरांनीच डॉक्टरांना प्रमाणपत्र द्यायचे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. पुण्याच्या जोशी विरुद्ध गोडबोले खटल्यात मांडीचे हाड मोडलेल्या तरुणावर, भूल न देता, तिघा सहायकांकरवी जोर लावून उपचार झाले आणि तो दगावला. आपण हाड बसवलेच नाही, नुसते स्थिर केले, हा सर्जनचा बचाव सर्वोच्च न्यायालयाला पटला नाही. पेशातली मते ऐकून घेतली तरी घडले काय, हे न्यायालयच ठरवते.

ही कसोटी मतभेदाला जागा असते तिथली. आपल्या जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, 31 जानेवारी 2021 रोजी पोलिओ डोसाऐवजी 12 बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. त्यात मतभेद कसला? लसीच्या कुपीवर एक वर्तुळ असते, त्यात चौकोन. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की लस बाद. थेंब देण्यापूर्वी तो पाहायचाच असतो, आणि पाहिला असता तर हातातली बाटली लसीची नाही हे तिथेच कळले असते. त्याला एमबीबीएस लागत नाही. मग कमी शिकलेल्या, कमी मानधनावरच्या माणसाला डॉक्टरच्या मापाने मोजणार का, असे कोणी विचारील. मोजायचे ते हातातल्या कामाच्या मापाने. पूनम वर्मा प्रकरणात (1996) होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली. जे शिकलो नाही ते हाती घेणे हाच हलगर्जीपणा ठरला. मी तोच न्याय काम सोपवणाऱ्यालाही लावतो. पुरते न शिकवता बूथवर बसवणारा आणि सॅनिटायझर लसीशेजारी राहू देणारा त्यातून कसा सुटेल?

तीन कर्मचाऱ्यांवर कारवाई जाहीर झाली आणि लोकांच्या लेखी विषय मिटला. इथेच माझे बिनसते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली शस्त्रक्रियेनंतर बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. अच्युतराव खोडवा खटल्याचा तो विषय. नेमका कोणत्या डॉक्टरचा दोष, यावर सर्वोच्च न्यायालय 1996 साली अडले नाही. जबाबदार राज्य सरकार ठरले. घाटंजीची मुले बचावली, त्यामुळे भरपाईचा आकडा लहानच राहील. तरीही असा दावा कोणी दाखल केला, तर पहिला प्रतिवादी शासन असावे. बूथवरच्या आशा कार्यकर्तीचे नाव त्याखाली.