गाढवाची पाठ

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आपल्या लोकांचा सातबारा लिहून ठेवलेला आहे. राहायचं गावाबाहेर. खायचं फुटक्या भांड्यात. नेसायचं मेलेल्याच्या अंगावरचं. आणि मालमत्ता म्हणून कुत्री आणि गाढवं. संपली यादी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जळाला. यादीतली गाढवं मात्र आमच्या वस्तीत शिल्लक राहिली.

आम्ही मातीवडार. आजा-पणजानं तळी खणली, बंधारे घातले, सडकेला भराव टाकला. माती त्यांनी खणली आणि गाढवांनी वाहिली. मी स्वतः सोलापूरकडच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर डॉफर आहे. शाळा आठवीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयात आणि रात्रपाळीच्या सुट्टीत. कविता लिहितो. आपल्या अभ्यासवर्गाला येतो. आणि तिथं दर दोन भाषणांमागं एक वाक्य ऐकतो – "किती दिवस गाढवासारखं ओझं वाहणार?" टाळ्या पडतात. माझं भांडण ह्या वाक्याशी आहे. ज्यानं गाढवाच्या पाठीवर कधी हात फिरवला नाही, त्यानं ते फुकटात वापरू नये.

२०२२ च्या उन्हाळ्यात कापसाची खंडी लाखाच्या वर गेली आणि आमच्या गिरणीनं पाळ्या बंद केल्या. मामा म्हणाला, "घरात बसून काय करतूस? चल गुजरातला." मामाचा धंदा गाढवांचा. तिकडची काठेवाडी गाढवं आणायची, पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात नाहीतर वीटभट्टीवाल्यांना विकायची. पावसाळ्याच्या तोंडाला भट्ट्या बंद, म्हणून गाढव स्वस्त.

कच्छात रापरच्या पलीकडं एक म्हातारा ओड होता. ओड म्हणजे तिकडचे आपणच, माती खणणारे. त्याच्याकडं दहा गाढवं. जेसीबी आला, ट्रॅक्टर आला, म्हाताऱ्याचं काम गेलं. मामाला नऊ पाहिजे होती. दहावी लंगडी होती. म्हातारा म्हणाला, आठ घे नाहीतर दहा घे, नऊ देणार नाही. मला वाटलं भाव वाढवतोय. तसं नव्हतं. गाढवांच्या जोड्या असतात. नर-मादीच पाहिजे असं नाही, दोन माद्या, दोन नर, कशीही. एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभी राहतात. लंगडीची जोडीदारीण त्या नवात होती. मामानं आठ घेतली.

विरमगामपर्यंत चालत यायचं, तिथनं ट्रक. आडेसर, सांतलपूर, झिंझुवाडा, खाराघोडा असा छोट्या रणाच्या कडेकडेनं रस्ता. मे महिना. पाण्याचे कॅन, कडबा, अंथरूण सगळं गाढवांवर. म्हातारा आमच्याबरोबर निघाला. जनावरं रस्त्यात मारशील म्हणून तो येत होता, हे त्यानं मामाला तोंडावर सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी मामानं चार गाढवांवर वीस-वीस लिटरचे दोन-दोन कॅन लावले. म्हाताऱ्यानं उतरवले. गाढवाच्या वजनाचा तिसरा हिस्सा ही शेवटची रेघ. ती पण सपाट रस्त्याला, थंडीत, थोड्या वेळासाठी. रणात चौथा हिस्सा. सव्वाशे किलोचं गाढव असेल तर तीस किलो, म्हणजे दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा लिटर. दोन्ही बाजू तोलून. एका बाजूचं पाणी आधी संपवलं तर तीच गादी एका बाजूनं कातडं सोलते. म्हणून पाणी घेताना दोन्ही कॅनमधनं सारखं घ्यायचं.

गादी हेच सगळं शास्त्र. जुन्या वाकळीच्या दोन घड्या, कण्याच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला एक. मधे फट. कण्यावर काही म्हंजे काही टेकता कामा नये. वजन बरगड्यांनी घ्यायचं, कण्यानं नाही. तंगाखाली दोन बोटं गेली पाहिजेत. उतारावर ओझं मानेकडं सरकू नये म्हणून शेपटीखाली दुमची, तिला पण कापड गुंडाळलेलं. मुक्कामाला ओझं उतरलं की वाकळ उन्हात टाकायची, झोडपायची, हातानं चाचपायची. घामाचं मीठ वाळून त्याचा कागद होतो, तो कातडं कापतो. वेड्या बाभळीचा एक काटा राहिला तर सकाळी फोड, संध्याकाळी जखम. जखम झाली की मिठाच्या उकळलेल्या पाण्यानं धुवायची, आणि बरी होईपर्यंत त्या पाठीवर काही ठेवायचं नाही. गादीला भोक पाडून पुन्हा ओझं घालणारे लोक आहेत. मामा त्यातलाच होता. घोड्या-गाढवाला धनुर्वात फार लवकर होतो, लस टोचून घेतलेली बरी.

ओझं उतरल्यावर गाढव धुळीत लोळतं. आपण हसतो. म्हातारा त्या वेळी बघत बसायचा. दोन्ही कुशींवर लोळलं, उठून अंग झाडलं, तर बरं आहे. नुसतंच उभं राहिलं तर त्याच्याकडं जायचं.

कारण गाढव सांगत नाही. मामा म्हणायचा, "गाडव बोलत न्हाई, तूच बगायचं." घोड्याचं पोट दुखलं तर तो लाथा झाडतो, जमिनीवर पडतो. गाढव मान खाली घालून उभं राहतं, बस्स. त्याची जात आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली, सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसानं तिथं त्याला बांधलं. उघड्या माळावर ज्यानं दुखणं दाखवलं त्याला लांडग्यानं नेलं. म्हणून ते दाखवत नाही. सुस्त गाढव म्हणजे आजारी गाढव, आणि त्या सुस्तीला उशीर झालेला असतो. आमच्या खात्यात साहेब एखाद्याला शाबासकी देतो – हा चांगला, कधी तक्रार करत नाही. त्या माणसाची छाती कापसाच्या धुळीनं भरलेली असते.

तहानेचं तसंच. अंगातलं पाणी आटून वजन पाव हिश्शानं उतरलं तरी गाढव चालत राहतं. पाणी मिळालं की काही मिनिटांत सगळी भर काढतं. लोक ह्यालाच ताकद म्हणतात आणि पाणी देत नाहीत. म्हातारा रोज दोनदा बघायचा: मानेचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर लगेच सपाट होतं का? हिरडी दाबली तर परत लाल व्हायला किती वेळ लागतो? लेंडी बारीक, कोरडी पडतेय का? लघवी गडद झालीय का? पहाटे तीनला निघायचं, नऊला थांबायचं, संध्याकाळी परत चार तास.

पाण्याचं एक आणखी. गाढव घाण पाणी पीत नाही. बादलीला तेलाचा वास असला तरी तोंड फिरवतं. झिंझुवाड्याच्या अलीकडं एका गावाच्या शिवेला जनावरांचा हौद होता, वर नळ. हौदावरचा माणूस म्हणाला, गाढवांना पाजा. मग आमच्या कॅनकडं बघून विचारलं, "तुम्ही कोण?" म्हंजे नाव नाही, कोण. मामानं सांगितलं. तर म्हणाला, नळाला हात लावू नका, हौदातलं घ्या. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि माणसं नाही, हे आपण दर २० मार्चला सांगतो. इथं आम्हाला जनावरांच्या बरोबरीनं आणलं होतं, एवढी प्रगती. हौदातलं पाणी हिरवं, वर शेवाळ. आठांतल्या एकानंही तोंड लावलं नाही. म्हातारा हसला. पुढं मिठागरावर एका अगरिया बाईनं दोन कॅन भरून दिले. त्यांचं स्वतःचं पाणी टँकरनं येतं, ते पण रोज नाही.

गाढव हट्टी असतं म्हणतात. रणात एका ठिकाणी पुढची मादी थांबली. मामानं काठी उचलली. म्हाताऱ्यानं ती धरली आणि पुढं जाऊन टाच आपटली. वरनं पांढरी कडक खपली, खाली चिखल. पाय गेला असता तर मोडला असता. घोडा भ्याला की पळतो. गाढव भ्यालं की थांबतं आणि विचार करतं. आपण त्याला मारतो. सभेतल्या मित्रांना माझं म्हणणं एवढंच, की गाढवासारखं वागणं आपल्याला अजून जमलेलं नाही.

खाणं थोडक्यात. कडबा, सुकं गवत, बाभळीच्या शेंगा. दिवसाला वजनाच्या दीड-दोन टक्के सुका चारा पुरतो. दाणा जास्त झाला तर पोट बिघडतं, खूर सुजतात. चारा वाळूवर टाकायचा नाही, ताडपत्रीवर टाकायचा. वाळू पोटात साठून पोटशूळ होतो. रोज रात्री चारी खूर उचलून खडे काढायचे.

सांतलपूर सोडलं त्या पहाटे हायवेवर एका ट्रकनं एका मादीला उडवलं. ट्रक थांबला नाही. ती जागीच गेली. तिचा जोडीदार काळू. मामा म्हणाला, चला, उजाडतंय. म्हातारा रस्त्याच्या कडेला बसला. काळूला मढ्याजवळ उभं राहू दे म्हणाला. काळूनं तिला हुंगलं, ढोसलं, तिच्या भोवती फिरला. दोन-अडीच तास. मग आपण होऊन बाजूला झाला.

त्या दिवशी त्यानं काही खाल्लं नाही. मला वाटलं, भूक लागली की खाईल. म्हातारा घाबरला होता. त्याला कारण सांगता येत नव्हतं, पण न खाणारं गाढव चार दिवसांत मरतं हे त्याला माहीत होतं. कारण मी नंतर वाचलं. गाढवाचं खाणं तुटलं की अंगातली चरबी सुटून रक्तात उतरते, रक्त तिनं गढूळ होतं, काळीज निकामी होतं. त्यानंतर खायला घालून उपयोग नसतो. आणि खाणं तुटायला जोडीदार जाणं पुरतं. आपण ज्याला निर्बुद्ध म्हणतो त्याचं हे आहे.

मुक्काम हलला नाही. विरमगामच्या ट्रकचं भाडं वाढत होतं, मामा शिव्या देत होता, पण बसला. म्हाताऱ्यानं गूळ-पाणी केलं, तळहातावर चाटवलं. शेंगा एकेक करून तोंडाशी धरल्या. दुसऱ्या एका जोडीला त्याच्या दोन अंगांना बांधलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळूनं एक शेंग ओढून घेतली. म्हातारा तोंड फिरवून बिडी पेटवायला गेला.

रणात घुडखरं दिसली, लांब, तांबूस, पळताना धुळीचा पट्टा. त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा आहे. ओझं वाहणाऱ्यासाठी पण कायदा आहे. १९६५ चे नियम: गाढवावर पन्नास किलोच्या वर ओझं नाही, दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, आणि पारा ३७ च्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन काम नाही. मी हे वाचलं तेव्हा माझी बारा तासांची पाळी चालू होती आणि खात्यात मशिनच्या तोंडाला उभं राहवत नव्हतं. भट्टीवर एक वीट अडीच-तीन किलोची, गाढवावर तीस विटा. हिशेब तुम्ही करा. नियम दोघांचेही कागदावर.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती. २०१९ ला सव्वा लाख उरली. काम यंत्रानं घेतलं, आणि कातडं चिनी औषधासाठी जातं. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्या कातड्याच्या धंद्यावर बंदी घातली. आपल्याकडं कुणी दखल घेतलेली दिसत नाही. ज्यांच्याकडं गाढवं होती त्यांची तरी कुठं घेतली?

सात गाढवं घेऊन आम्ही आलो. भट्टीवाला सात मागत होता. मामानं सहा दिली. काळू वस्तीत आहे. आईला त्याच्या आवाजाचा त्रास होतो, पण भाकरीचा पहिला तुकडा त्याला जातो.

येत्या पौष पौर्णिमेला आम्ही चौघं जेजुरीच्या बाजारात बसणार आहोत. जनावरांच्या दवाखान्यातला एक माणूस धनुर्वाताची लस घेऊन यायला कबूल झालाय. गाद्या बांधून दाखवायला मामा आहे, तो आता फट ठेवतो. १९६५ च्या नियमांची मराठीत एक पानी प्रत काढलीय, ती भट्टीवाल्यांच्या हातात द्यायची आहे. त्या कामाला जरा भांडणारी पोरं लागतील. येणाऱ्यानं घरातली एक जुनी वाकळ आणावी. फाटकी चालेल, धुतलेली पाहिजे.