मैत्रीचें पद

मराठी संगीत रंगभूमीवर प्रेमानें जितकें गाऊन घेतलें आहे, तितकें दुसऱ्या कोणत्याहि भावनेनें घेतलेलें नाहीं. नायक विरहानें व्याकुळ झाला कीं ऑर्गनचे सूर उठतात. नायिका रुसली कीं तबल्यावर ठेका पडतो. भक्तीला तिचा वांटा मिळाला आहे, वीरश्रीलाहि मिळाला आहे. एका भावनेच्या पदरीं मात्र तेथें सूर फारसे पडलेच नाहींत. ती भावना म्हणजे दोन पुरुषांमधील मैत्री. मित्र रंगभूमीवर येतो, निरोप पोंचवितो, थट्टा करतो, नायकाचें सांत्वन करतो, आणि नायकाला पद सुरू करावयाचें असलें म्हणजे बाजूला उभा राहून ऐकतो.

ही गोष्ट आमच्या ध्यानांत आणून दिली ती एका जपानी चित्रमालिकेनें. अशा मालिकांना हल्लींचीं मुलें 'ॲनिमे' म्हणतात. आमच्या कन्येनें आग्रहानें दाखविलेली 'किड्स ऑन द स्लोप' ही २०१२ सालची बारा भागांची मालिका पाहतांना, आपण चित्रें पाहत आहों याचा आम्हांस लवकरच विसर पडला. युकी कोदामा यांच्या चित्रकथेवरून शिनिचिरो वातानाबे यांनीं ती दिग्दर्शित केली असून संगीत योको कानो यांचें आहे. काळ १९६६ सालचा. स्थळ सासेबो, म्हणजे क्युशू बेटावरील अमेरिकन आरमारी तळाचें बंदर. काओरू हा बाहेरगांवाहून आलेला अबोल मुलगा पियानो वाजवितो. सेंतारो हा वर्गांतला दांडगा मुलगा जॅझ संगीतांतले ढोल वाजवितो. रित्सुको या मुलीच्या वडिलांचें ध्वनिमुद्रिकांचें दुकान आहे. त्याच्या तळघरांत या दोघांची मैत्री जुळते. प्रेमाची तर येथें साखळीच आहे. काओरूचें मन रित्सुकोवर, रित्सुकोचें सेंतारोवर, आणि सेंतारोचें युरिका नांवाच्या भलत्याच मुलीवर. मनासारखें कोणाचेंच होत नाहीं. त्या वयांत बहुधा होत नसतेंच.

या मालिकेंतील एक प्रसंग आम्हांस विशेष वाटला. दोघां मित्रांचें बोलणें बंद आहे. शाळेच्या उत्सवांत सेंतारो दुसऱ्याच एका मंडळींत वाजवीत असतां वीज जाते आणि विजेचीं वाद्यें मुकीं होतात. पियानोला व ढोलांना विजेची गरज नसते. काओरू पियानोवर बसतो. थोड्या वेळानें सेंतारो ढोलांवरून त्याला उत्तर देतो. कोणी क्षमा मागत नाहीं, कोणी खुलासा करीत नाहीं. वाजवून संपतें तेव्हां भांडणहि संपलेलें असतें. तें पाहून कन्येनें विचारिलें, "बाबा, आपल्या संगीत नाटकांत दोन मित्र असे एकत्र गातात का?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधतांना आम्हांला आमच्या आवडत्या नाटकांतून एक फेरी मारावी लागली. अण्णासाहेब किर्लोस्करांचें १८८२ सालचें 'सौभद्र' घ्या. कृष्णार्जुनांच्या मैत्रीवाचून त्या नाटकाचें पान हलत नाहीं. बलराम सुभद्रा दुर्योधनाला देऊं पाहतो, आणि कृष्ण आपल्या मित्रासाठीं पडद्याआडून सर्व सूत्रें हलवितो. तरी लोकांच्या ओठांवर राहिलीं तीं पदें अर्जुनाच्या विरहाचीं, सुभद्रेच्या दुःखाचीं आणि रुक्मिणीशीं बोलणाऱ्या कृष्णाचीं. शूद्रकाचें 'मृच्छकटिक' देवलांनीं मराठींत आणिलें. त्यांतील मैत्रेय तर मित्रधर्माचा आदर्शच होय. दारिद्र्य आलें तरी तो चारुदत्ताला सोडीत नाहीं; मित्राला वधस्थानीं नेत असतां त्याच्या लहानग्या मुलाला घेऊन तो धांवत येतो. पण त्याची ओळख आपल्याला कोण म्हणून? विदूषक म्हणून.

आमच्या मतें या उणिवेचें एक कारण येथेंच आहे. संस्कृत नाटकानें नायकाच्या जिवलग मित्राकडे विनोदाचें काम सोंपविलें, आणि तो संकेत आम्हीं जसाच्या तसा उचलला. दुसरें कारण व्यवहाराचें आहे. नाटकमंडळीचें उत्पन्न एकदोन गात्या गळ्यांवर अवलंबून असे. प्रेक्षक 'वन्स मोअर'चा पुकारा करीत तो त्या गळ्यांसाठीं. हे गळे नायकाचे अन् नायिकेचे. तेव्हां मित्राला पद देणें म्हणजे तिकिटाचे पैसे भलतीकडे खर्च करणें.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला या गोष्टीचा विचार करण्याचा थोडा विशेष अधिकार आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं खामगांवीं आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं जळगांव-जामोद येथें वकिली केली. त्यांचें 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीनें १८९६ सालीं रंगभूमीवर आणिलें आणि त्याबरोबर पारशी रंगभूमीच्या चालींचें वारें मराठी पदांत शिरलें. पुढें 'मूकनायकां'त त्यांनीं मद्यपानाचा व 'मतिविकारां'त विधवाविवाहाचा प्रश्न हाताळला. एके काळीं या नाटकांच्या चालींनीं गांवेंच्या गांवें वेडीं केलीं. आज ते प्रयोग होत नाहींत. कोल्हटकर टिकून राहिले ते 'सुदाम्याच्या पोह्यां'मुळें. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांची ती बैठक, त्यांचे ते पांडित्यपूर्ण उपद्व्याप, रूढींची ती थट्टा! ज्या लेखकानें नाटकांत प्रेमिकांना नव्या नव्या चाली पुरविल्या, त्याच्या हातून अमर झाली ती तीन मित्रांची मैत्री, आणि तीहि गद्यांत. नांवाकडेहि लक्ष द्यावें. कृष्णाच्या दरिद्री मित्राचें नांव त्यांनीं आपल्या विनोदाच्या नायकाला दिलें, आणि मित्रानें मित्राकडे नेलेल्या भेटीचें नांव ग्रंथाला. गडकरी कोल्हटकरांना गुरु मानीत. त्यांनींहि 'बाळकराम' या नांवानें विनोदाचीच ती वाट पुढें नेली. तात्पर्य, मराठींत मित्रांनीं हंसावें, गाऊं नये, असा जणूं दंडकच पडून गेला.

स्त्रियांना हा दंडक लागू नव्हता. १८९९ सालच्या 'शारदा' नाटकांत शारदेच्या मैत्रिणी गातात. वल्लरी थट्टा करते तीहि सुरांतच. याचें कारण उघड आहे. जात्यावरची ओंवी, मंगळागौर, आमच्याकडच्या भुलाबाईचीं गाणीं, हें सारें बायकांनीं मैत्रिणींच्या संगतींतच जोपासलें होतें. सुखदुःख एकमेकींना गाऊन सांगण्याची रीत त्यांच्या घरांत होती. नाटककारानें ती रंगभूमीवर आणिली, इतकेंच.

पुरुषांच्या बाबतींत असा एक योग आला, पण तो नाटकाच्या कथानकांत नव्हे. ८ जुलै १९२१ या दिवशीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले. दोन मंडळ्यांची स्पर्धा सर्व महाराष्ट्राला ठाऊक होती. एकमेकांच्या तोडीचे दोन गवई त्या रात्रीं एका रंगभूमीवर उभे राहिले. खाडिलकरांचें नाटक प्रेमिकांचें. परंतु प्रेक्षक जें ऐकण्यास लोटले, तें दोन प्रतिस्पर्ध्यांचें एकमेकांस दिलेलें सुरेल उत्तर होतें. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबरला, केशवराव निवर्तले. वयाचीं बत्तीस वर्षेंहि त्यांना पुरीं झालीं नव्हतीं.

हें सर्व आम्ही निव्वळ साहित्यचर्चा म्हणून लिहीत नाहीं. आमचा एक मित्र होता. महाविद्यालयांत असतांना आम्ही पेटी वाजवीत असूं आणि तो तबला. पुढें आम्ही शिकवूं लागलों, तो मेहकराकडे आपल्या गांवीं शेती पाहूं लागला. पण दिवाळींत आणि उन्हाळ्यांत बैठक चुकली नाहीं. तीस वर्षांत एकमेकांविषयींच्या मायेचें एक वाक्यहि आम्हीं उच्चारिलें नाहीं. समेवर येतांना तो मान वर करून पाही आणि आम्ही पाहत असूं. तेवढ्यानें भागत असे. दोन वर्षांपूर्वीं तो गेला. शोकसभेंत आम्ही दहा मिनिटें बोललों. भाषण व्यवस्थित झालें. त्याचे गुण क्रमवार सांगून झाले. आणि खालीं बसतांना, आपण एका परक्या मनुष्याविषयीं बोललों असें वाटलें.

तेराव्या दिवशीं रात्रीं गांवच्या भजनी मंडळानें भजनास बसविलें. पेटी आमच्यापुढें सरकविली गेली. तबल्यावर त्याचा पुतण्या होता. पहिल्याच अभंगांत समेवर येतांना संवयीनें आमची मान वर झाली. समोर तो नव्हता. आमचा भात्यावरचा हात थांबला. टाळ धरलेला एक म्हातारा शेजारीं होता. तो हळूच म्हणाला, "सर, पेटी काहून थांबली? तो आयकत असन ना!" आम्ही पुन्हां भाता ओढला. पुढें रात्रभर, दहा मिनिटांच्या भाषणांत जें सांपडलें नव्हतें, तें बोटांना सांपडत राहिलें. त्या मंडळांतील माणसें एकमेकांशीं बोलत तीं बहुधा पऱ्हाटीच्या भावाबद्दल नाहीं तर पावसाबद्दल; पण एकानें सोडलेली ओळ दुसरा ज्या अगत्यानें उचलून धरीत होता, तें पाहिल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं पुरुषांच्या मैत्रीचें गाणें आपल्याकडे नव्हतें असें नाहीं. तें देवाच्या नांवानें मंदिरांत चाललेलें होतें. नाटकगृहापर्यंत मात्र तें पोंचलें नाहीं.

त्या जपानी कथेच्या शेवटीं, कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर, ते दोघे एका बेटावरील लहानशा ख्रिस्ती मंदिरांत भेटतात, आणि कुशल विचारण्यापूर्वीं वाजवावयास बसतात. आमच्या मेहकराकडच्या त्या म्हाताऱ्याला हें दाखविलें असतें, तर त्याला त्यांत परकें कांहींच वाटलें नसतें. आज संगीत नाटकाचे प्रयोग थोडे होतात आणि नवीं नाटकें त्याहून थोडीं. तरीहि कोणी तरुण नाटककार या वाटेला वळला, तर त्याला एक मागणें करावेंसें वाटतें. मैत्रेयाला एक पद द्या. चाल साधी असली तरी चालेल; मात्र तें पद त्याचें एकट्याचें नसावें.