पंचावन्न किलो

शनिवारी पहाटे पाचचा गजर लावणारा माणूस मी नव्हे. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जिवाची चटणी झाल्यावर शनिवार हा झोपायचा वार, हे माझं साधंसोपं तत्त्वज्ञान. पण २०२४ची दिवाळी ते २०२५ची शिवजयंती, जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी अंधारात उठून जुन्या हायवेने कामशेत गाठलं. कारण काय, तर कबड्डी! खेळायला नाही हो, माझं पोट बघता तो प्रश्नच नाही. पोरांची ने-आण करायला :)

या वेडाचं मूळ शोधायचं तर ते टोरांटोत सापडतं. २०११च्या हिवाळ्यात मी तिथे ऑनसाइट होतो. माझा तिथला मॅनेजर सोमवारी कायम डोळे चोळत यायचा. त्याचा बारा वर्षांचा मुलगा आइस हॉकी खेळायचा आणि मैदान मिळायचं ते शनिवार-रविवार पहाटे. एकदा मलाही घेऊन गेला. बाहेर उणे पंधरा. आत बाकांवर कॉफीचे कप धरून आईबाप बसलेले, आणि समोर झाम्बोनी नावाचं ते बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र आमच्या रोडरोलरच्या थाटात फिरतंय. मॅच सुरू झाली आणि ऑफिसात कधी आवाज न चढवणारा हा माणूस उभा राहून रेफ्रीवर असा काही ओरडला की माझी कॉफी सांडली. मनात म्हटलं, खेळतोय पोरगा आणि बीपी वाढतंय बापाचं. काय ही माणसं!

असो. तर आमचं गाव नाणे मावळात. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, तिथे शेती करतो. त्याचा धाकटा पोरगा लहानपणी हडकुळा होता म्हणून बारक्या. तेव्हा तो नववीत होता. दिवाळीत गावी गेलो तर इंद्रायणीची कापणी होऊन खाचरं मोकळी झालेली आणि एका खाचरात बारा-चौदा पोरं कुदळी घेऊन भिडलेली. मावळातली कबड्डी तशी हिवाळ्यातलीच. जून ते ऑक्टोबर जिथे तिथे चिखल नाहीतर भात. खाचर सुकलं की खणायचं, खडे वेचायचे, पाणी मारायचं, ड्रम फिरवून दाबायचं आणि फक्कीने रेषा मारायच्या. झालं मैदान. टोरांटोत हिवाळ्यात बर्फ तयार होतो, आमच्याकडे माती तयार होते, एवढाच काय तो फरक.

"काका, तुमची गाडी सात सीटर आहे ना?" बारक्याने विचारलं. या एका वाक्यात मी संघाचा मॅनेजर झालो.

संघ ५५ किलो वजनी गटातला. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धा अशा वजनावर लागतात. सकाळी काट्यावर उभं राहायचं, काटा ५५च्या आत असेल तर खेळायचं. दुपारपासून सामने आणि फायनल रात्री हॅलोजनखाली, अंगावर दव पडत असताना. खेळणारे सात, राखीव पाच, असे बारा जण. त्यातले नऊ माझ्या गाडीत. कसे, ते आरटीओला सांगू नका. उरलेले बाइकवर, मफलर गुंडाळून. लोणावळ्याकडे जायचं असलं की आमची वरात वीकेंडच्या गर्दीत अडकायची. पुढेमागे भुशी डॅमला आणि चिक्कीला निघालेल्या गाड्या, आणि मध्ये आम्ही, नऊ पोरं, एक फर्स्ट एडचा डबा आणि वहिनीने दिलेल्या भाकऱ्या.

नोव्हेंबरात स्पर्धांचा सुकाळ होता, कारण २० तारखेला विधानसभेचं मतदान. प्रत्येक फ्लेक्सवर कबड्डीपटूंपेक्षा हात जोडलेलेच जास्त. निकाल लागला आणि बक्षिसांच्या रकमा एकदम माणसात आल्या. पहिल्या दोन स्पर्धांत आम्ही पहिल्याच फेरीत गारद. तिसरीत उपांत्य फेरी. चंपाषष्ठीच्या यात्रेतली स्पर्धा मात्र जिंकली आणि माझ्या गाडीच्या टपावर ढोल वाजला. डेंट अजून आहे.

आता इंजिनिअर माणूस गप्प बसेल? मी एक्सेल शीट केली. कोणी किती चढाया केल्या, किती गुण, किती पकडी. त्यातून एक गोष्ट दिसली. कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटूच बाद. अशा तिसऱ्या चढाईला आमच्याकडे बारक्याइतका कोणीच चालत नव्हता. समोरचा कोपरारक्षक पाय पकडायला झेपावला की हा उडी मारून मध्यरेषेच्या अलीकडे. मास्तरांना (शाळेत पीटी शिकवतात, संध्याकाळी फुकट कबड्डी) मी प्रिंटआउट दाखवली. ते हसले. "हे आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं," म्हणाले. पण तेव्हापासून तिसरी चढाई बारक्याची झाली.

डिसेंबरात प्रो कबड्डी बालेवाडीत होती, तेव्हा सगळ्यांना एक सामना दाखवला. पोरं मॅट, बूट, लाइट बघून हरखून गेली. पुणेरी पलटण गतविजेती असूनही त्या मोसमात बाद फेरीत पोचली नाही, याचं दुःख आम्ही जानेवारीपर्यंत पुरवलं.

शीटमध्ये एक कॉलम होता, 'वजन'. दर शनिवारी गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर पोरं उभी राहायची आणि मी आकडे भरायचो. बारक्या नोव्हेंबरात ५३.८. डिसेंबरात ५४.७. संक्रांतीनंतर ५५.९. पंधरा वर्षांचं पोरगं, उंची वाढतेय, मिसरूड फुटतंय. वजन वाढणार नाही तर काय? पण मला त्या आकड्यात वाढणारं पोरगं दिसलंच नाही. दिसली ती तिसरी चढाई.

पुढच्या शनिवारी पवन मावळात मोठी स्पर्धा होती. मी त्याला फोनवर म्हटलं, "अरे, फक्त नऊशे ग्रॅम. होईल." बस्स, एवढंच म्हटलं. त्या 'होईल'चा अर्थ त्याने नीट घेतला. शुक्रवारी दुपारपासून जेवण बंद, पाणी बंद. पहाटे मी पोचलो तर पठ्ठ्या स्वेटरवर रेनकोट चढवून थंडीत रस्त्यावर धावतोय. गाडीत बसल्यावर म्हणाला, "काका, हीटर लावा ना, काचा बंद करा." बाकीची पोरं ओरडत होती, गुदमरतंय म्हणून. मी हीटर लावला. पूर्ण.

काट्यावर ५४.९. पोरांनी त्याला उचलला. मीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या सामन्यात, उत्तरार्धात, तिसरी चढाई आली. तो गेला, उडी मारली आणि मध्यरेषेच्या हातभर अलीकडे नुसता बसला. कोणी धरलंही नव्हतं. पोटरीत गोळा, ओठ पांढरे, डोळे कुठेतरी. त्या पाच सेकंदांत मला काय काय दिसलं ते लिहीत नाही. मीठ-साखरेचं पाणी, तळवे चोळणं, जवळच्या डॉक्टरांकडे नेणं. अर्ध्या तासात गडी बसून बिस्किटं खायला लागला आणि पहिला प्रश्न, "गुण दिला का?"

संध्याकाळी घरी सोडलं. मी म्हटलं जरा चक्कर आली होती. वहिनीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भावजी, तुमच्याच गाडीत होता ना तो?" एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आता बघा, माहिती नव्हती असं म्हणायची सोय मला नाही. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलोच्या फायनलआधी शंभर ग्रॅमने बाद झाली. आदल्या रात्रभर वजन उतरवायची तिची धडपड आपण सगळ्यांनी वाचली, हळहळलो. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना काही आठवड्यांत दगावले आणि तिथले नियम बदलले, हेही मी कधीतरी वाचलं होतं. एका रात्रीत उतरतं ते वजन म्हणजे चरबी नव्हे, अंगातलं पाणी. हे सगळं डोक्यात होतं आणि हात हीटरच्या बटणावर. टोरांटोचा तो मॅनेजर निदान रेफ्रीवर ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ फक्कीची पिशवी बांधत राहिले. मग म्हणाले, "मला आठ दिवस आधी आकडा सांगायचात. त्याला साठच्या संघात घातला असता. पोरगं वाढलं तर गट बदलायचा, पोरगं नाही बदलायचं." बाहेरून कितीही शांत बोलले तरी त्यांना राग आला होता, आणि तो बरोबरच होता.

बारक्याला साठ किलोच्या संघात घातलं. तिथे तो सगळ्यात हलका. बहुतेक वेळ बाकावर. पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही, कारण त्याच्या मते मी मास्तरांना सांगून त्याची जागा घालवली. इकडे ५५चा संघ तिसऱ्या चढाईला अडखळत राहिला. शिवजयंतीच्या स्पर्धेत दोघेही संघ हरले. साठच्या सामन्यात बारक्याला तीन चढाया मिळाल्या. दोनदा धरला, एकदा बोनस घेऊन आला. रात्री परतताना कामशेतला थांबलो. त्याने चार वडापाव खाल्ले आणि पाचवा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही खा, तुम्हाला काटा नाही."

एक्सेल शीट अजून आहे. 'वजन'चा कॉलम मी काढला नाही, मास्तरांना दाखवता यावा म्हणून ठेवलाय. फक्त तो दर आठवड्याला त्यांच्या फोनवर जातो, माझ्या अकलेवर अवलंबून राहत नाही. कॉफी पिताना मधूनच तो टोरांटोचा बाप आठवतो. तेव्हा हसलो होतो, आता त्याला एक मेल टाकावा म्हणतो.

चला, उद्या सोमवार.